५० डॉलरची खोली ७६ डॉलरला: मालदीवच्या स्वस्त ट्रिपमागचं राजकारण

दोन मित्र, दोन सॅक, चार बेटं आणि खाली कॅप्शन, 'मालदीव, तेही आपल्या बजेटमध्ये!' असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेलं असेल. खाली कमेंटमध्ये लोक एकमेकांना टॅग करत असतात. कुणी विचारतं, 'हे खरंच शक्य आहे का?' दुसरा लगेच लिहितो, 'रिसॉर्टचं एका रात्रीचं भाडं माझ्या पगाराएवढं आहे रे.'

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मालदीवमध्ये एका रात्रीला हजार डॉलर घेणारे रिसॉर्ट आहेत आणि ५० डॉलरच्या आसपास दोघांना झोपायला खोली देणारी गेस्टहाऊसही आहेत. पाणी तेच, वाळू तीच. पण साधारण २०१० च्या आधी दुसरा पर्याय सामान्य पर्यटकासाठी जवळपास नव्हताच. देशाच्या धोरणातच तो बसत नव्हता. तो कसा आला, त्यातून कुणाच्या हातात पैसा गेला आणि आता तोच पर्याय हळूहळू महाग का होतोय, हे समजून घेतलं तर ते रील जरा वेगळं दिसायला लागतं.

आधी नियम होता: एक बेट, एक रिसॉर्ट

मालदीवमध्ये १,१९२ बेटं आहेत. त्यातल्या साधारण १८० हून अधिक बेटांवर लोकवस्ती आहे. बाकीची रिकामी किंवा रिसॉर्टची.

पर्यटनाची सुरुवात १९७२ ची. त्या वर्षी कुरुंबा हा पहिला रिसॉर्ट सुरू झाला, पाठोपाठ बंडोस. त्यापुढच्या काळात सरकारने एक साधं सूत्र धरलं. वस्ती नसलेलं एक बेट घ्यायचं, ते दीर्घ मुदतीच्या भाड्याने एका कंपनीला द्यायचं आणि त्या बेटावर एकच रिसॉर्ट उभा राहू द्यायचा. वीज त्यांची, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र त्यांचं, जेट्टी त्यांची, बोटीही त्यांच्याच.

पर्यटक विमानतळावर उतरायचा आणि तिथूनच स्पीडबोट किंवा सीप्लेनमध्ये बसून थेट रिसॉर्टवर जायचा. आठवडाभर राहून परत त्याच वाटेने घरी. मधे त्याची गाठ एकाही मालदीवी गावाशी पडायची नाही.

हे ठरवून केलेलं होतं. मालदीवचा अधिकृत धर्म इस्लाम आहे आणि नागरिकत्वासाठी मुस्लिम असणं संविधानानेच बंधनकारक आहे. पर्यटक आले की दारू, डुकराचं मांस, बिकिनी हे सगळं येणार. त्यामुळे पैसा देशात यावा, पण बाकीचं गावात येऊ नये, अशी ही विभागणी होती. तीस वर्षं, म्हणजे १९७८ ते २००८, राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या मौमून अब्दुल गयूम यांच्या काळात ती पक्की झाली.

त्याचा आर्थिक परिणाम सरळ होता. रिसॉर्ट काढायला कोट्यवधी डॉलर लागतात. ते ज्यांच्याकडे होते, म्हणजे मालेतले मोजके उद्योगपती आणि परदेशी हॉटेल कंपन्या, त्यांच्याकडेच पर्यटनाचा धंदा राहिला. बेटावरच्या मच्छीमाराच्या मुलाला रिसॉर्टमध्ये नोकरी मिळू शकत होती. स्वतःच्या घरातली एक खोली पर्यटकाला भाड्याने देणं त्याच्यासाठी बंद होतं.

रिसॉर्ट ते रिसॉर्ट बॅकपॅकिंग का जमत नाही?

इथेच अनेकांचा प्लॅन फसतो. थायलंडमध्ये कोह सामुईहून कोह फांगनला आणि तिथून कोह ताओला फेरीने जाता येतं. जेट्टीवर तिकीट काढायचं, बसायचं, उतरायचं. मालदीवचा नकाशा पाहून वाटतं, इथे तर बेटं किती जवळजवळ आहेत!

पण रिसॉर्टच्या बेटावर सार्वजनिक फेरी जात नाही. तिथे जायचं तर त्या रिसॉर्टची ट्रान्स्फर घ्यावी लागते आणि ती बहुतेक वेळा विमानतळापासून सुरू होते. शेजारच्या बेटावरचा रिसॉर्ट डोळ्यांना दिसत असला तरी आधी माले, मग तिथून पुन्हा दुसरी बोट. शेजारच्या गावाला जायचं असेल तरी एसटी आधी जिल्ह्याच्या डेपोत येणार, तसलाच प्रकार. आणि इथे प्रत्येक फेरीचं तिकीट डॉलरमध्ये. सीप्लेन असेल तर एका माणसाचं जाण्यायेण्याचं भाडं काही शे डॉलर होतं. शिवाय ती फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे विमान संध्याकाळी उतरलं तर ती रात्र मालेत किंवा हुलहुमालेतच काढावी लागते.

म्हणून सॅक घेऊन बेटांमागून बेटं करणारे सगळेजण गावांच्या बेटांवरून फिरत असतात. रिसॉर्ट बघायची हौस ते डे पासवर भागवतात. सकाळी गावाच्या जेट्टीवरून बोट नेते, दिवसभर रिसॉर्टचा पूल, जेवण, बीच वापरायचा आणि संध्याकाळी परत. माणशी साधारण शंभर डॉलर किंवा त्याहून जास्त. रीलमधला पाण्यावरचा व्हिला पुष्कळदा या एका दिवसाचा असतो.

तुरुंगाच्या बेटावरची पहिली खोली

बजेट ट्रिपचं नाव काढलं की पहिलं नाव येतं ते माफुशीचं. मालेहून सार्वजनिक फेरीने दीड तास, स्पीडबोटीने अर्धा-पाऊण तास. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर.

पर्यटक येण्याआधी माफुशी मालदीवमध्ये ओळखलं जायचं ते तिथल्या तुरुंगासाठी. सप्टेंबर २००३ मध्ये त्या तुरुंगात एका १९ वर्षांच्या कैद्याचा मारहाणीत मृत्यू झाला. त्यानंतर कैद्यांवर गोळीबार झाला आणि मालेत लोक रस्त्यावर उतरले. गयूम यांच्या राजवटीविरुद्धची चळवळ तिथून उघडपणे वाढली. त्या चळवळीतले, स्वतः अनेकदा तुरुंगात गेलेले मोहम्मद नशीद २००८ मध्ये देशाच्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष झाले.

नशीद यांच्या सरकारने वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी दिली आणि बेटांना जोडणाऱ्या फेरीचं जाळं उभं करायला घेतलं. माफुशीवर पहिलं गेस्टहाऊस २०१० मध्ये सुरू झालं. ज्या बेटावरच्या तुरुंगातून सत्तांतराची ठिणगी पडली, तेच बेट नव्या धोरणाचा चेहरा ठरलं. योगायोग म्हणा हवं तर.

आज देशभरात आठशेहून अधिक गेस्टहाऊस आहेत. उकुलहस, रसधू, धिगुरा, फुलिधू, थुलुसधू, थोद्दू ही नावं आता बॅकपॅकरच्या यादीत असतात. धिगुराजवळ व्हेल शार्क दिसतो. थुलुसधूला सर्फिंगच्या लाटा आहेत आणि समुद्राचं पाणी गोडं करून कोका-कोला बनवणारा कारखानाही. थोद्दू तर कलिंगडाच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे, समुद्राच्या मधोमध!

सगळं गुण्यागोविंदाने झालं असं मात्र नाही. डिसेंबर २०११ मध्ये धर्मरक्षणाच्या नावाने मालेत मोठं आंदोलन झालं. सरकारने काही दिवसांसाठी रिसॉर्टमधले स्पा बंद केले. फेब्रुवारी २०१२ मध्ये नशीद यांना पद सोडावं लागलं, त्याच दिवशी जमावाने राष्ट्रीय संग्रहालयातल्या इस्लामपूर्व काळातल्या बौद्ध मूर्ती फोडल्या. गेस्टहाऊसचं धोरण मात्र टिकलं. नंतरच्या सरकारांनाही ते मागे घेता आलं नाही, कारण तोवर हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटायला लागली होती.

तुम्ही हॉटेलात कमी, गावात जास्त राहता

गेस्टहाऊसच्या बाहेर पडलात की समोर शाळा, मशीद, किराणा दुकान. रस्त्याच्या कडेला 'जोली' म्हणजे दोरीच्या जाळीच्या खुर्च्या, त्यात गप्पा मारणारे आजोबा. जेट्टीला लागलेल्या होडीला इथे 'धोनी' म्हणतात. हो, धोनीच. नाश्त्याला मिळतं 'मस हुनी', म्हणजे टुना मासा, खोबरं, कांदा, मिरची, आणि सोबत 'रोशी' नावाची पातळ पोळी. 'मस' म्हणजे मासा. धिवेही ही सिंहलीला जवळची असलेली इंडो-आर्यन भाषा आहे, त्यामुळे मराठी कानाला एखादा शब्द ओळखीचा वाटला तर नवल नाही.

त्यामुळे नियमही गावाचे लागू होतात. बिकिनी फक्त ठरवून दिलेल्या, कुंपण घातलेल्या 'बिकिनी बीच'वर. बाकी गावात खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे. दारू वस्तीच्या बेटांवर बेकायदा आहे. माफुशीसारख्या ठिकाणी किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या बोटीवर बार चालतात, तिथे छोट्या होडीने नेऊन आणतात. शुक्रवारी बहुतेक सार्वजनिक फेऱ्या बंद असतात, हे विसरून विमान बुक करणारे दर आठवड्याला सापडतात. रमजानमध्ये दिवसा गावातली खानावळ उघडी मिळेलच असं नाही.

कस्टमच्या बाबतीत तीन गोष्टी मराठी प्रवाशाला माहीत असायलाच हव्यात. ड्युटी फ्रीमधून घेतलेली दारू विमानतळावर काढून घेतात. व्हेप किंवा ई-सिगारेट आणायला नोव्हेंबर २०२४ पासून बंदी आहे. आणि पूजेच्या मूर्ती आणायलाही मनाई आहे, त्यामुळे सॅकच्या कप्प्यात आईने ठेवलेला छोटा गणपती घरीच राहू द्या. शिवाय १ नोव्हेंबर २०२५ पासून, १ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही तंबाखू विकत घेता किंवा वापरता येत नाही. हा नियम पर्यटकांनाही आहे, म्हणजे कॉलेजमधल्या बऱ्याच जणांना लागू पडतो.

भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, ९० दिवसांपर्यंत राहता येतं. प्रवासाच्या आधी ९६ तासांच्या आत 'इमुगा' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा. तो फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करा.

आता येऊ हिशोबाकडे

समजा, तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणीने गावातल्या छोट्या गेस्टहाऊसमध्ये दोघींसाठी एक खोली घेतली, रात्रीला ५० डॉलर. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे ५ डॉलर. या ५५ डॉलरवर पर्यटन जीएसटी. तो २०२३ च्या आधी १२ टक्के होता, मग १६ झाला आणि १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे ९ डॉलर ३५ सेंट. त्यावर ग्रीन टॅक्स.

हा ग्रीन टॅक्स खोलीवर नसतो, माणसावर असतो. माणशी, रात्रीला, ठरलेली रक्कम. वस्तीच्या बेटावरच्या ५० किंवा त्याहून कमी खोल्यांच्या गेस्टहाऊससाठी तो ३ डॉलर होता, जानेवारी २०२५ पासून दुप्पट होऊन ६ झाला. दोघींचे झाले १२. एकूण बिल ७६ डॉलर ३५ सेंट. मूळ भाड्यापेक्षा निम्म्याहून जास्त रक्कम वर चढली.

आता ६०० डॉलरचा रिसॉर्ट घ्या. सर्व्हिस चार्ज ६०, जीएसटी ११२ डॉलर २० सेंट, ग्रीन टॅक्स माणशी १२ प्रमाणे २४. एकूण ७९६ डॉलर २० सेंट. वाढ साधारण ३३ टक्के.

फरक बघा. ग्रीन टॅक्स दोन्हीकडे दुप्पट झाला, कागदावर समान न्याय. पण ६०० डॉलरच्या खोलीत तो भाड्याच्या ४ टक्के आहे आणि ५० डॉलरच्या खोलीत २४ टक्के. ठरलेली रक्कम आकारणारा कोणताही कर हेच करतो: जो कमी खर्च करतो, त्याला जास्त टोचतो. रिसॉर्टमध्ये उतरलेल्या जोडप्याला हा वाढीव कर कळणारही नाही. सॅकवाल्यांच्या बाबतीत मात्र त्यामुळे 'मालदीव की श्रीलंका?' हा निर्णय फिरू शकतो.

एक बारीक गोष्ट इथे पैसे वाचवून देईल. गावातल्या बेटावर असलं तरी ५० पेक्षा जास्त खोल्यांचं हॉटेल असेल तर ग्रीन टॅक्स माणशी १२ डॉलरच लागतो. माफुशीवर आता अशी मोठी हॉटेलं आहेत. म्हणजे त्याच ५० डॉलरच्या खोलीचं बिल तिथे ८८ डॉलरवर जाईल. बुकिंग साइटवर दिसणाऱ्या किमतीत हे कर धरले आहेत की नाहीत, हे आधी वाचा. काही ठिकाणी ते चेक-आउटला समोर येतात.

परतीच्या वाटेवरही कर आहे. परदेशी इकॉनॉमी प्रवाशाचा डिपार्चर टॅक्स डिसेंबर २०२४ पासून ३० वरून ५० डॉलर झाला. विमानतळ विकास शुल्क वेगळं. दोन्ही तिकिटातच येतात, म्हणून लक्षात येत नाहीत.

सरकारला पैशांची गरज खरी होती. कर्जाचा डोंगर आणि डॉलरचा तुटवडा यामुळे २०२४ मध्ये फिच या संस्थेने मालदीवचं पतमानांकन दोनदा खाली आणलं. त्याच ऑक्टोबरमध्ये भारताने ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय देऊन हात दिला. ग्रीन टॅक्सचं मूळ कारणही पटण्यासारखं आहे. २०१५ मध्ये तो रिसॉर्टला लागू झाला आणि २०१६ मध्ये गेस्टहाऊसला. कचरा, सांडपाणी, पाणी यांवर खर्च करायचा हा उद्देश. ज्या बेटांवर गोडं पाणी यंत्रातून येतं तिथे प्रत्येक पर्यटकाची अंघोळही महाग असते. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतल्या पाण्याच्या प्लांटला आग लागली तेव्हा राजधानीच्या नळाचं पाणी गेलं आणि भारताने विमानं आणि जहाजं भरून पाणी पाठवलं होतं. माफुशीसारख्या इवल्याशा बेटावर आज जेवढं बांधकाम झालंय, ते पाहता कर लावूच नये असं कुणी म्हणणार नाही. प्रश्न तो भाड्याच्या प्रमाणात का नाही, हा आहे.

बॉयकॉट झाला, तेव्हा खोल्या कुणाच्या रिकाम्या राहिल्या?

जानेवारी २०२४ आठवत असेल. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लक्षद्वीप दौऱ्याचे फोटो टाकले. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर अपमानास्पद शेरे मारले. त्यांना ७ जानेवारीला निलंबित केलं गेलं, पण तोवर भारतात 'बॉयकॉट मालदीव' ट्रेंड सुरू झाला होता. 'इंडिया आउट'च्या मुद्द्यावर निवडून आलेले मोहम्मद मुइझ्झू तेव्हा नुकतेच राष्ट्राध्यक्ष झाले होते.

२०२३ मध्ये मालदीवला गेलेल्या भारतीयांची संख्या होती सुमारे २.०९ लाख, सगळ्या देशांत पहिली. २०२४ मध्ये ती सुमारे १.३० लाखांवर आली. चीन पहिला झाला. तरीही त्या वर्षी देशात एकूण २० लाखांहून अधिक पर्यटक आले. म्हणजे देश म्हणून मालदीव बुडाला नाही.

पण देशाचा आकडा आणि एका घराचा आकडा यात फरक असतो. मोठ्या रिसॉर्ट साखळीकडे युरोपातले, चीनमधले एजंट असतात. एक बाजार गेला तर ती दुसरीकडे जाहिरात करते. सहा खोल्यांचं गेस्टहाऊस चालवणाऱ्या कुटुंबाकडे तो पर्याय नसतो. मुंबईहून थेट विमानाने येऊन चार रात्री राहणारे दोन मित्र हे त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. शेरे मारले उपमंत्र्यांनी आणि बुकिंग कॅन्सल झालं या घरांमधलं.

नंतर वारं फिरलं. मुइझ्झू ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीला आले, मालदीवमध्ये रुपे कार्ड सुरू झालं. जुलै २०२५ मध्ये मोदी मालदीवच्या साठाव्या स्वातंत्र्यदिनाला मालेत पाहुणे होते.

आणि मग लक्षद्वीप?

बॉयकॉटच्या वेळी उत्तर तयार होतं: लक्षद्वीपला जा. सॅक घेतलेल्या दोघांसाठी ते तितकं सोपं नाही. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं आहेत, वस्ती १० बेटांवर. भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि कोणत्या बेटावर जाणार ते आधी ठरवावं लागतं. आज इथे, उद्या मनात आलं म्हणून तिथे, असं चालत नाही. अगत्तीला विमान आहे, गोव्याहूनही सेवा सुरू झाली. बाकी कोचीहून जहाज, त्यात जागा मिळाली तर.

हे निर्बंध उगाच नाहीत. सगळ्या बेटांचं मिळून क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४ हजारांच्या पुढे. एखादं माफुशी तिथे उभं राहिलं तर पाणी आणि कचरा दोन्ही हाताबाहेर जातील.

पण पर्यटन येणारच असेल, तर ते कोणत्या वाटेने येतंय हे बघण्यासारखं आहे. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईतच मुख्यालय असलेल्या इंडियन हॉटेल्स कंपनीने, म्हणजे 'ताज'वाल्यांनी, लक्षद्वीपमध्ये दोन रिसॉर्टची घोषणा केली. एक कदमतला, दुसरा सुहेलीला. दोन्हीकडे पाण्यावरचे व्हिला असणार आणि ते २०२६ मध्ये सुरू करण्याचं नियोजन तेव्हा सांगितलं गेलं. यातल्या सुहेलीवर कायमची वस्ती नाही. रिकामं बेट, एक कंपनी, एक रिसॉर्ट. मालदीवने १९७२ मध्ये नेमकं हेच केलं होतं आणि गावातल्या माणसाला त्या धंद्यात स्वतःची खोली घेऊन उतरायला पुढची जवळपास चाळीस वर्षं लागली. लक्षद्वीपमध्ये काही होमस्टे आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला आजही परवाना आणि जहाजातली जागा, दोन्ही जुळून यावं लागतं.